भोपळ्याची परीक्षा

परीक्षेत शून्य मार्क पडले की आपण म्हणतो, भोपळा मिळाला. भ्रम फुटला की त्याचाही भोपळाच होतो. ज्यांचं आपसात पटत नाही, त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य. आपल्या भाषेने या फळाला फारसा मान दिलेला दिसत नाही. मला मात्र गेली काही वर्षं वेगळ्याच परीक्षांचा नाद लागला आहे. त्यांत भोपळा स्वतःच परीक्षेला बसलेला असतो.

कृषी विद्यापीठांचे अहवाल, एम.एस्सी.चे प्रबंध, बियाणं विकणाऱ्यांचे जुने कॅटलॉग यांत या परीक्षांचे निकाल सापडतात. तक्ता साधारण एकसारखाच असतो. डावीकडे वाणांची नावं. पुढे वेलीमागे किती फळं, एका फळाचं सरासरी वजन, हेक्टरी उत्पादन, गराची जाडी, गोडी, आणि शेवटी रोग किती पडला. उत्पादन, गुणवत्ता, रोगप्रतिकार असे हे तीन मोठे विषय. शेतीच्या विद्यार्थ्याला यात काही नवल वाटणार नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून मला प्रश्न पडला, की हे रकाने आले कुठून? सगळे एकाच वेळी आले का? आणि कुणाला काय हवं होतं म्हणून आले?

सगळ्यात जुना पेपर

पहिली परीक्षा मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात झाली असं म्हणता येईल. तिथे गिला नाकित्झ नावाची एक छोटी गुहा आहे. केंट फ्लॅनरी या पुरातत्त्वज्ञाने १९६६ मध्ये ती उकरली, तेव्हा तिथल्या कोरड्या मातीत भोपळ्याच्या बिया, देठ आणि सालीचे तुकडे मिळाले. पुढे १९९७ मध्ये ब्रूस स्मिथ यांनी त्या बियांचं थेट वय काढलं. ते सुमारे १०,००० वर्षं निघालं. म्हणजे अमेरिका खंडात मका आणि घेवडा यांच्याही आधी माणसाने भोपळा लावायला घेतला होता. या बिया जंगली बियांपेक्षा मोठ्या होत्या. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत होतं, त्याचा हा पुरावा.

निवड कशाची? जंगली भोपळा चेंडूएवढा असतो, कवच टणक, आणि गर इतका कडू की तोंडात धरवत नाही. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा. लहान प्राण्यांना तो विषासारखा. पण मॅस्टोडॉनसारखे हत्तीच्या जातकुळीतले अजस्र प्राणी ही फळं खात होते. फ्लोरिडात सापडलेल्या त्यांच्या हजारो वर्षांपूर्वीच्या शेणात भोपळ्याच्या बिया मिळाल्या आहेत. हे प्राणी नामशेष झाले आणि बी लांबवर नेऊन टाकणारा कुणी उरला नाही. २०१५ च्या एका जनुकीय अभ्यासाने असं मांडलं, की त्यानंतर जंगली भोपळे ओसरत गेले आणि माणसाने लावलेले तेवढे फोफावले.

तर पहिला रकाना होता 'कडू की नाही'. आधी बहुधा बिया खाण्यासाठी, कवचाची भांडी करण्यासाठी भोपळा ठेवला गेला असणार. गोड गराचा नंबर नंतर लागला. हा पेपर अजून बंद झालेला नाही. आपल्याकडे दुधी चिरताना टोकाचा तुकडा चाखून बघणारी माणसं घरोघर आहेत. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. दहा हजार वर्षांची निवड एखाद्या चुकीच्या संकरात उलटी फिरू शकते.

नावांचा गोंधळ

भोपळ्याच्या कुळाला शास्त्रात कुकुर्बिटा म्हणतात. त्यातल्या पाच जाती माणसाने माणसाळवल्या आणि पाचही अमेरिकेतल्या. म्हणजे लाल भोपळा भारतात आला तो कोलंबसानंतर, आणि तो पोर्तुगिजांच्या व्यापारातून आला असावा असं मानलं जातं. त्याआधी आपल्याकडे दुधी होता, कोहळा होता. 'भोपळा' हा शब्द नव्या पाहुण्याला जुन्या घरातूनच मिळाला. लेकीकडून परतताना भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी नेमक्या कोणत्या भोपळ्यात बसली होती, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो. चित्रांत तो नेहमी केशरी असतो. पण गोष्ट पुरेशी जुनी असेल, तर तो दुधीचा भाऊबंदच असायला हवा.

पाहुणा इतका रुळला की त्याची गावोगाव नावं पडली. कुठे डांगर, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. त्याचे घारगे झाले, दह्यातलं भरीत झालं, पंगतीतली भाजी झाली. आणि गावोगावच्या मातीत त्याचे गावोगावचे प्रकार तयार झाले.

युरोपातही हाच गोंधळ होता. एकेका भोपळ्याला पाच नावं आणि एकेका नावाचे पाच भोपळे. वाणांची तुलना करायची तर आधी कोण कोण आहे ते ठरायला हवं. १८ व्या शतकात फ्रान्समध्ये आंत्वान निकोला दुशेन याने शेकडो भोपळे लावून त्यांची जलरंगात चित्रं काढली, वर्गवारी केली. १८५६ मध्ये शार्ल नोदँ याने कोणत्या भोपळ्याचा कोणाशी संकर होतो ते बघत जाती वेगळ्या केल्या. भोपळ्यात नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि परागीकरण मधमाश्या करतात. शेजारच्या वेलीचा पराग आला तरी या वर्षीच्या फळाच्या गरात फरक पडत नाही. फरक पडतो त्यातलं बी पुढच्या वर्षी पेराल तेव्हा. म्हणून वाण शुद्ध ठेवायचा असेल, तर फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी ते बांधून ठेवायचं आणि सकाळी हाताने पराग लावायचा. आजही प्रयोगक्षेत्रावर असंच करतात.

वजनाचा काटा

१९ व्या शतकात अमेरिकेत बियाणं पाकिटात घालून टपालाने विकण्याचा धंदा वाढला आणि तुलनेला पैशाचं कारण मिळालं. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावात जेम्स ग्रेगरी नावाचा बियाणं-व्यापारी होता. त्याने 'हबर्ड' हा भोपळा देशभर नेला. गावातल्या एलिझाबेथ हबर्ड या बाईंनी या भोपळ्याच्या चवीकडे ग्रेगरींच्या घरच्यांचं लक्ष वेधलं होतं, म्हणून त्यांचं नाव. १८६७ मध्ये ग्रेगरीने केवळ भोपळे कसे लावावेत यावर एक पुस्तक काढलं. एका बाईच्या जिभेवरून वाण निवडला गेला आणि तिचं नावही त्याला लागलं, असं पुढे फार वेळा झालं नाही.

कारण पुढे काटा आला. शेतकऱ्याला पैसे किलोवर मिळतात, चवीवर नाही. त्यामुळे उत्पादनाचा रकाना तक्त्यात मोठा होत गेला, आणि तो नीट मोजायचं शास्त्रही तयार झालं.

हे मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. समजा, एका वाणाला विहिरीजवळची काळी जमीन मिळाली आणि दुसऱ्याला बांधालगतची मुरमाड. मग तुम्ही वाण मोजलात की जमीन? भोपळ्याच्या बाबतीत तर वेली एकमेकींच्या वाफ्यात शिरतात. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉदॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी यावर उत्तर काढलं. प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी लावा, आणि कोणता वाफा कोणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग वाणावाणांतला फरक हा एकाच वाणाच्या वेगवेगळ्या वाफ्यांतल्या फरकापेक्षा पुरेसा मोठा आहे का, ते गणिताने तपासा. नसेल तर तो योगायोग समजा.

इथे एक मराठी धागा येतो. भारतातल्या शेतकी प्रयोगांवरचा कोणताही जुना-नवा प्रबंध उघडा, संदर्भांत 'पानसे आणि सुखात्मे, १९५४' हे जवळपास असतंच. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले संख्याशास्त्रज्ञ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्र सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं. राहुरी असो की दापोली, अकोला असो की परभणी, भोपळ्याच्या पेपरातले मार्क याच पुस्तकाच्या रीतीने दिले गेले.

या परीक्षांतून आपल्याकडचे नावाजलेले वाण आले. कोईमतूरच्या 'को १' चं फळ ७-८ किलोंचं, 'को २' चं जेमतेम दीड-दोन किलोंचं. दिल्लीच्या 'पुसा विश्वास'चं सुमारे ५ किलोंचं, हेक्टरी ४० टनांच्या आसपास उत्पादनाचं. बंगळुरूच्या 'अर्का चंदन'चं २-३ किलोंचं, उत्पादन ३३ टनांच्या घरात. हे आकडे शेजारी ठेवून पहिला नंबर काढायचा मोह होतो. पण ते वेगवेगळ्या मातीतले, वेगवेगळ्या हंगामातले आहेत. पानसे-सुखात्म्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की एका वर्गात न बसलेल्या मुलांचे मार्क असे लावायचे नसतात.

शिवाय फळाच्या आकाराला 'चांगला' कुणी म्हणायचं? लग्नाच्या आचाऱ्याला आठ किलोंचा भोपळा सोयीचा. आपल्या मंडईत मोठा भोपळा कापून फोड विकतात, त्यामुळे गिऱ्हाईक गराचा रंग बघून घेऊ शकतं. शहरातल्या दोन माणसांच्या घराला मात्र दीड किलोंचं अख्खं फळ बरं. 'को १' आणि 'को २' यांच्यातल्या फरकात मला तर कुटुंबं लहान होत गेल्याचा इतिहास दिसतो. 'अर्का चंदन'चा डौल वेगळाच आहे. वजनात तो मागे, पण गर घट्ट, केशरी आणि कॅरोटिनने भरलेला. अ जीवनसत्त्व शरीराला याच कॅरोटिनमधून मिळतं. तो निवडला गेला राजस्थानातून गोळा केलेल्या गावठी बियाण्यातून.

कडू नातेवाईक

आता रोग. वेलवर्गीय पिकं लावणाऱ्याला भुरी सांगावी लागत नाही. पानांवर पिठूळ पांढरे डाग पडतात, पसरतात आणि पान वाळतं. फळाला हात न लावता ती फळ बिघडवते, कारण साखर पानात तयार होते. पानं लवकर गेली की फळ वाढतं खरं, पण फिकं आणि पाणचट राहतं. म्हणजे रोगाचा रकाना चवीच्या रकान्याला आतून जोडलेला आहे.

लागवडीतल्या भोपळ्यांत भुरीला खंबीरपणे तोंड देणारं कुणी हाती लागेना. मग शास्त्रज्ञ वळले त्याच जंगली, कडू, चेंडूएवढ्या नातेवाइकांकडे, ज्यांना दहा हजार वर्षांपूर्वी पहिल्याच पेपरात नापास केलं होतं. १९५९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ए. एम. ऱ्होड्स यांनी जंगली जातीतून लागवडीच्या भोपळ्यात गुण आणण्याची वाट दाखवली. नंतर कॉर्नेल विद्यापीठात मेक्सिकोतल्या 'मार्टिनेझी' या जंगली भोपळ्याचा वापर झाला. असे संकर सहज होत नाहीत. गर्भ बियांतच मरतात आणि ते काढून प्रयोगशाळेत वाढवावे लागतात. मग पिढ्यामागून पिढ्या परत चांगल्या वाणाशी संकर करून कडूपणा गाळायचा आणि प्रतिकार तेवढा ठेवायचा. आज भुरीला तोंड देणारे जे भोपळे बाजारात आहेत, त्यांतल्या बहुतेकांत हाच वारसा आहे.

या मार्टिनेझीची सख्खी बहीण म्हणावी अशी उपजात फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराच्या काठी वाढते. विल्यम बार्ट्रम या निसर्ग-अभ्यासकाने १७७४ मध्ये सेंट जॉन्स नदीवर झाडांना लटकलेली तिची फळं पाहिली होती. सरोवराकाठची जंगलं शेतीसाठी तोडली गेली, आणि १९९३ मध्ये अमेरिकी सरकारला तिला 'धोक्यातली' म्हणून जाहीर करावं लागलं. जिच्या बहिणीने अख्ख्या पिकाला आधार दिला, तिची ही अवस्था.

विषाणूची गोष्ट आणखी बोलकी आहे. झुकिनी पिवळा मोझॅक नावाचा विषाणू १९७० च्या दशकात इटलीत आढळला आणि बघता बघता जगभर पसरला. पानं चुरगळतात, फळांवर गाठी येतात, पीक हातचं जातं. त्याला तोंड देणारा लाल भोपळ्याच्या जातीतला एक वाण न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा केंद्रात रोझारिओ प्रोव्हिदेंती यांना सापडला. त्याचं नाव 'नायजेरियन लोकल'. मूळचा अमेरिकेतला भोपळा अटलांटिक ओलांडून आफ्रिकेत गेला, तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या गरजेने तो राखला, आणि काही शतकांनी तो प्रतिकार घेऊन अमेरिकेत परतला. त्या शेतकऱ्यांपैकी कुणाचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

गळालेला रकाना

आणि चव? ती 'गुणवत्ता' या शब्दाखाली येते, पण हा शब्द फसवा आहे. कुणासाठी ती एकसारखा आकार, कुणासाठी वाहतुकीत न फुटणारी साल, कुणासाठी टिकाऊपणा. अमेरिकेत हॅलोविनला कोरण्यासाठी लागणारा 'हाउडन' हा भोपळा रंग, आकार आणि दणकट देठ बघून निवडला गेला. तो सहसा कुणी खात नाही. तिथल्या डब्यातल्या भोपळ्याचा मोठा भाग 'डिकिन्सन' या फिकट तपकिरी वाणाचा असतो. जातीने तो आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा भाऊ. वजनाच्या रकान्याची झेप बघायची तर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत एक भोपळा १,२४७ किलो भरला. त्याची भाजी कशी लागते, हे कुणी विचारत नाही.

चव मोजणं अवघड आहे, हेही खरं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे ब्रेंट लॉय यांनी कित्येक दशकं भोपळ्यांवर काम केलं. त्यांनी दाखवून दिलं, की चवीला साखरेइतकाच गरातला घन भाग महत्त्वाचा. पाणी जास्त असेल तर वजन वाढतं आणि चव जाते. एकोर्न नावाचा हिरवा भोपळा फळ धरल्यावर दोन-तीन आठवड्यांत पूर्ण आकाराचा आणि पिकल्यासारखा दिसतो, पण खाण्याजोगा व्हायला त्याला सुमारे ५०-५५ दिवस लागतात. काही भोपळ्यांत तर तोडल्यावर काही आठवडे ठेवून दिल्याशिवाय पिठाची साखर होत नाही. तोडणीच्याच दिवशी चव घेतलीत, तर उत्तम वाणालाही भोपळाच द्याल.

२००९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात शेफ डॅन बार्बर यांनी कॉर्नेलचे संशोधक मायकल मझुरेक यांना विचारलं, की तुम्ही एवढे हुशार, तर 'बटरनट' भोपळा लहान आणि चवदार का करत नाही? मझुरेक यांचं उत्तर अशा आशयाचं होतं, की चवीसाठी वाण कर असं मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातून 'हनीनट' आला. हाताच्या पंजाएवढा, गोड, भुरीलाही बऱ्यापैकी दाद न देणारा. कच्चा असताना तो हिरवा असतो आणि पिकल्यावर मधाच्या रंगाचा होतो, त्यामुळे कोवळा तोडून विकणं कठीण. कुणीतरी प्रश्न विचारला, आणि चव परत हिशेबात आली.

शेतकऱ्याने चवीसाठी उत्पादन सोडावं असं मी म्हणणार नाही. किलोवर पैसे मिळणाऱ्याला तो सल्ला देणं उद्धटपणाचं आहे. पण तक्त्यात जो रकाना नसतो, त्या गुणाची निवड होत नाही, आणि ज्याची निवड होत नाही ते हळूहळू बियाण्यातून निघून जातं. नंतर गरज पडली, की जंगलात किंवा एखाद्याच्या छपरावरच्या वेलीत शोधत फिरावं लागतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी भाज्या आणि धान्यांचं गावठी बियाणं जपलं, आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव आलं, ते या कामासाठीच.

आपल्याकडच्या भोपळ्याच्या बहुतेक तक्त्यांत एक ओळ असते. सुधारित वाणांच्या यादीत शेवटी लिहिलेलं असतं, 'स्थानिक'. नव्या वाणांनी कुणाला मागे टाकलं हे दाखवण्यासाठी तो परीक्षेला बसवलेला असतो. उत्पादनात तो सहसा हरतो. तो कोणत्या गावचा, कुणाच्या घरून बी आणलं, त्याचे घारगे कसे होतात, यातलं काहीच तिथे नसतं. पूर्वी मी ही ओळ ओलांडून वरचे विजेते वाचायचे. 'नायजेरियन लोकल' हाही असाच कुणाचा तरी 'स्थानिक' होता हे कळल्यापासून तक्ता हातात आला, की मी आधी ती ओळ शोधते.